टाळीचे वाक्य : कोणी, कोणास म्हटले?

(भांडगाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे येथे परिसरातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



भाषा या विषयावर चार शब्द बोलावेत म्हणून आपण मला बोलाविले आहे. भाषेवरील व्याख्यान म्हटले की संतांची वचने, जुन्या म्हणी आणि शुद्धलेखनाचे नियम यांची अपेक्षा श्रोते करतात. मी मात्र आज आपणांसमोर एक हलका वाटणारा विषय घेऊन उभा आहे. शाळेच्या व्हरांड्यात, एस.टी.च्या थांब्यावर, दूध संकलन केंद्राच्या रांगेत आणि तहसील कचेरीच्या पायरीवर जी गमतीची वाक्ये लोकांच्या तोंडी असतात, त्या वाक्यांविषयी मला बोलावयाचे आहे. कोणी ती चित्रपटातून उचललेली असतात, कोणी तमाशातून, कोणी दूरचित्रवाणीवरून, तर अलीकडे कोणी भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफितीतून. नाटकवाले अशा वाक्याला 'टाळीचे वाक्य' म्हणतात. ते वारंवार म्हटले जाऊ लागले की त्याचे 'पालुपद' होते.

हा विषय हलका नाही, असे मी का म्हणतो, ते पुढे येईलच. प्रथम ही वाक्ये येतात कोठून, ते पाहू.

जुनी टांकसाळ

लोकांच्या तोंडी वाक्ये बसविण्याचे काम चित्रपटाने सुरू केले, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. आपली मराठी भाषा हे काम शतकानुशतके करीत आली आहे. पुणे जिल्ह्यातीलच उदाहरणे घ्या. एखाद्याने दुसऱ्याला शिताफीने चकविले की आपण 'कात्रजचा घाट दाखविला' असे म्हणतो. १६६३ साली शिवाजी महाराजांनी लाल महालात शायिस्तेखानावर छापा घातला. त्या वेळी पाठलाग करणाऱ्यांना चकविण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून त्यांना भलत्याच दिशेने पिटाळले, अशी आख्यायिका आहे. १७७३ साली ३० ऑगस्ट रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातील एका अक्षराचा बदल त्यास कारण झाला, असे लोक सांगू लागले. तेव्हापासून कागदातील मजकूर फिरविणे म्हणजे 'ध चा मा करणे'. राजवाड्यात घडलेली भयंकर गोष्ट लोकांनी दोन अक्षरांत बांधली आणि आपल्या कनवटीला लावून ठेवली. आज तलाठ्याच्या दप्तरात एखादे नाव चुकीचे चढले तरी शेतकरी म्हणतो, 'भाऊसाहेब, ध चा मा झाला की!' एवढ्या चार शब्दांत त्याची तक्रारही येते आणि भाऊसाहेबांची अब्रूही राहते.

येथून जवळच्या पुरंदर तालुक्यात, सासवडजवळ कोडीत या गावी १८९८ साली जन्मलेले आचार्य अत्रे यांना तर असे वाक्य घडविण्याची सिद्धीच होती. 'गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही' हे त्यांच्या नावाशी जोडले गेलेले पालुपद आजही वक्ते थट्टेने वापरतात. अत्रे मुळात शिक्षक होते, हे येथे बसलेल्या शिक्षक मित्रांनी लक्षात ठेवावे.

बतावणीपासून बनवाबनवीपर्यंत

आता आपण सोलापूर रस्त्याने थोडे पुढे जाऊ. भांडगावहून निघाले की लवकरच चौफुला लागतो. तेथील लोककला केंद्रांमुळे हे नाव साऱ्या महाराष्ट्रात माहीत झाले आहे. बैठकीच्या लावणीसाठी जसा चौफुला, तसे ढोलकीफडाच्या तमाशासाठी आपल्याच जिल्ह्यातील नारायणगाव. ढोलकीफडाच्या तमाशात गण होतो, गवळण होते, मग बतावणी येते आणि त्यानंतर वग रंगतो. बतावणी म्हणजे दोघांतील हजरजबाबी सवाल-जबाब. त्यात सोंगाड्या मुद्दाम शब्दाचा भलताच अर्थ घेतो आणि त्या भोळेपणाच्या आडून गावचा पाटील, सावकार, फौजदार, एवढेच नव्हे तर वगातील राजालाही चार गोष्टी सुनावतो. त्याच्या अंगावर विदूषकाची वस्त्रे असल्यामुळे त्याला कोणी शिक्षा करू शकत नाही. टाळीच्या वाक्याचा खरा जन्म येथला आहे.

वसंत सबनीस यांनी जुन्या वगाचा हाच बाज घेऊन 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिले. १९६०नंतरच्या दशकात दादा कोंडके यांनी त्यातील हवालदार उभा केला. त्या दिवशी वर्तमानपत्रात जे आले असेल ते त्या रात्री प्रयोगात येई. शुद्ध 'इच्छा' बाजूला राहिली आणि खेड्यातील 'विच्छा' नाटकाच्या शीर्षकावर जाऊन बसली, हीच मोठी गोष्ट होती. ज्या उच्चाराला शाळेत मार बसत असे, त्याच उच्चाराला रंगमंदिरात टाळ्या पडू लागल्या.

याच वसंत सबनीसांच्या लेखणीतून पुढे १९८८ साली 'अशी ही बनवाबनवी' हा चित्रपट उतरला. पुण्यात राहावयास जागा मिळत नाही, म्हणून चार तरुण किती खोटे बोलतात, त्याची ती कथा. तिला आता साडेतीन दशके होऊन गेली, तरी 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे वाक्य ज्याला ठाऊक नाही असा मराठी तरुण विरळा. खरे पाहता या वाक्यात विनोद कोठे आहे? पत्ता विचारणारे ते साधे वाक्य आहे. परंतु चित्रपटातील प्रसंग सर्वांनी मिळून पाहिलेला असतो. म्हणून ते वाक्य उच्चारताच बोलणारा व ऐकणारा क्षणात एका घरचे होतात. परगावी नोकरीस गेलेली आपली मुले दारावर थाप मारून हेच वाक्य म्हणतात आणि आतून हशा येतो. त्याच चित्रपटातील 'सत्तर रुपये वारले' हे शब्द आज उसनवारी बुडाल्यावर वापरले जातात. 'तुझे पैसे बुडाले' असे मित्राच्या तोंडावर सांगणे कठीण. 'वारले' म्हटले की दोघेही हसतात आणि मैत्री टिकते.

टाळीच्या वाक्याचे कार्य कसे चालते, हे यावरून ध्यानात येईल. ते आखूड असते, त्याला ठेका असतो आणि ते सर्वांस अगोदरच ठाऊक असते. मुख्य म्हणजे ते कोणाचेच नसते. बोलणारा म्हणू शकतो, 'हे मी कोठे म्हणालो? हे तर सिनेमातले आहे.' या आडोशामुळेच जे सरळ बोलवत नाही ते बोलता येते. हा आडोसा दुबळ्याच्या कामी येतो. दुर्दैवाने तो बलवानाच्याही कामी येतो. आजच्या माझ्या सांगण्याचा गाभा हाच आहे.

बोलीचा मान

परंतु त्याआधी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. या वाक्यांनी आपल्या बोलीला मान मिळवून दिला आहे. दौंडवरून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर हे स्थानक आहे. करमाळा तालुक्यातील त्या गावचे नागराज मंजुळे यांनी २०१६ साली 'सैराट' हा चित्रपट दिला. त्यातील आर्ची 'मराठीत सांगितलेलं कळत नाय का, इंग्लिशमध्ये सांगू?' असे विचारते. हे वाक्य ऐकून खेड्यापाड्यांतील मुलींची मान ताठ झाली, हे मी स्वतः पाहिले आहे. एरवी इंग्रजी येत नाही म्हणून खाली पाहणाऱ्या मुली इंग्रजीचीच थट्टा करू लागल्या. पुढे जून २०२२मध्ये त्या वेळचे सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून झालेले दूरध्वनीवरील संभाषण सर्वत्र पसरले. त्यातील राजकारणाशी आपणांस येथे कर्तव्य नाही. परंतु 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे शब्द मुंबईच्या कार्यालयांतून आणि परदेशातील मराठी घरांतूनही म्हटले गेले. 'डोंगर'चा 'डोंगार' आणि 'हॉटेल'चे 'हाटील' करणारी माणदेशी बोली कित्येकांनी तेव्हा प्रथमच कौतुकाने ऐकली असेल.

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा ताम्रपट आणि ग्रंथ यांच्या आधारावर मिळाला हे खरे. परंतु भाषा जिवंत राहते ती माणसांच्या तोंडी. म्हणून शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की, वर्गात एखादा मुलगा असे वाक्य बोलला तर 'ही काय भाषा झाली?' म्हणून त्याला एकदम गप्प करू नये. ते वाक्य फळ्यावर लिहावे. हे प्रमाण भाषेत कसे लिहाल, आपल्या आजीच्या बोलीत कसे म्हणाल, अर्जात चालेल काय आणि पत्रात चालेल काय, असे विचारावे. कोणते वस्त्र शेतात आणि कोणते लग्नात, हे मुलाला जसे कळते, तसेच कोणते बोलणे कोठे, हेही कळेल. व्याकरणाचा तास त्या दिवशी कंटाळवाणा होणार नाही, याची हमी मी देतो.

दौंडच्या डॉक्टरांचा प्रश्न

आता मी अशा एका वाक्याकडे वळतो, ज्यावर हसू येत नाही, पण जे गेली पाच दशके लोकांच्या तोंडी आहे. त्याचा आणि आपल्या तालुक्याचा संबंध आहे. डॉ. जब्बार पटेल हे नाव आज चित्रपटदिग्दर्शक म्हणून सर्वपरिचित आहे. ते मुळात बालरोगतज्ज्ञ असून त्यांनी दौंड येथे वैद्यकीय व्यवसाय केला आहे. त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'सामना'. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि निर्मिती रामदास फुटाणे यांची. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला. सहकारी साखर कारखान्यामुळे भरभराटीस आलेले एक गाव, तेथील सर्वसत्ताधीश हिंदुराव धोंडे पाटील आणि वाट चुकून तेथे आलेला एक फाटका मास्तर, अशी ती कथा आहे. हिंदुरावांची भूमिका निळू फुले यांची, तर मास्तरांची डॉ. श्रीराम लागू यांची. गावात एक माणूस नाहीसा झालेला असतो. कोणी त्याचे नाव काढीत नाही. मास्तर मात्र विचारीत राहतो : 'मारुती कांबळेचं काय झालं?'

त्या चित्रपटाची दृश्ये पुष्कळांच्या स्मरणातून गेली असतील. तो प्रश्न गेलेला नाही. एखाद्या चौकशीचा अहवाल पुढे आला नाही, एखादे काम कागदावर पुरे झाले आणि जागेवर दिसत नाही, अशा वेळी वर्तमानपत्रे आणि सभांतील वक्ते आजही हाच प्रश्न करतात. प्रश्न विचारणारा मास्तर होता, हे योगायोगाने घडले असेल. पण मला त्याचा अभिमान वाटतो.

पंचायत सदस्यांना मी सांगू इच्छितो की, ग्रामसभेत मागच्या रांगेतून कोणी अर्धवट हसत 'मारुती कांबळेचं काय झालं?' असे म्हणाला, तर त्याला उनाड समजू नये. तो कशाबद्दल बोलत आहे, हे आपणांस बहुधा ठाऊक असते. नळयोजनेचे पाणी वरच्या आळीस का चढत नाही, हे उभे राहून विचारण्याचे धैर्य त्याच्यापाशी नसेल. म्हणून त्याने चित्रपटातील मास्तराचा आवाज उसना घेतला. त्या थट्टेतील प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि पुढील सभेत त्याचे उत्तर द्यावे. उत्तर मिळाले की वाक्य आपोआप थांबते.

कचेरीच्या पायरीवरील वाक्ये

येथे शासकीय अधिकारी व कर्मचारीही उपस्थित आहेत. त्यांच्या वाट्याला आलेली वाक्ये तर फार जुनी आहेत. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही यमक जुळविलेली उक्ती कोणी रचली, हे कोणालाच ठाऊक नाही. ती लोकांनी अनुभवातून रचली, एवढेच म्हणता येईल. १९९३ सालच्या 'दामिनी' या हिंदी चित्रपटात न्यायालयातील विलंबावर वकील संतापतो. त्याचे 'तारीख पे तारीख' हे शब्द लोकांनी उचलले आणि न्यायालयाच्या आवारातून थेट मोजणीच्या कार्यालयापर्यंत नेले. हद्दीच्या मोजणीसाठी तिसऱ्यांदा आलेला वृद्ध शेतकरी हे शब्द हसत म्हणतो, तेव्हा समोरचा कारकूनही हसतो. पण त्या हसण्यात त्या शेतकऱ्याची बुडालेली मजुरी आणि एस.टी.चे तीन वेळचे भाडे असते.

या उक्तीला शासनाने दिलेले उत्तर आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५' या कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास दिला. मुदतीत सेवा मिळाली नाही तर पहिले व दुसरे अपील कार्यालयातील वरिष्ठांकडे आणि तिसरे लोकसेवा हक्क आयोगाकडे करता येते. पुरेसे कारण नसताना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद आहे. कोणत्या सेवेस किती दिवस, याचा फलक कार्यालयात लावावयाचा असतो. माझी सूचना एवढीच की, तो फलक कपाटामागे न लावता पायरीजवळ लावावा. लोकांच्या तोंडची उक्ती पुसण्याचा दुसरा मार्ग नाही. परिपत्रक काढून म्हण बंद होत नसते. काम वेळेवर झाले की ती जुनी होते.

थट्टा आणि घाव

आतापर्यंत मी ज्या वाक्यांची स्तुती केली, ती सर्व खालून वर गेलेली वाक्ये होती. सोंगाड्या राजाला बोलतो, मास्तर हिंदुरावाला विचारतो, शेतकरी कचेरीला टोमणा मारतो. आता तेच हत्यार वरून खाली चालले की काय होते, ते सांगतो. हे सांगताना मला स्वतःविषयी बोलावे लागेल.

'शोले' हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली होती. लग्नात, जत्रेत, गणपतीच्या मांडवात ती कर्ण्यावरून वाजे. चित्रपट न पाहिलेल्या मुलांनाही संवाद तोंडपाठ होते. गब्बरसिंगाच्या टोळीतील कालिया ही भूमिका विजू खोटे या आपल्या मराठी नटाने केली. भूमिका अगदी लहान, पण त्या एका प्रसंगाने तिचे नाव देशभर झाले. पुढे काही वर्षांनी मी एका खेड्यातील शाळेत पाचवीच्या वर्गावर होतो. वर्गात एक सावळा, अबोल मुलगा होता. त्याचे नाव मी येथे घेत नाही. मुलांनी त्याला कालिया म्हणावयास सुरुवात केली. एके दिवशी हजेरी घेताना मी त्याचे नाव पुकारले, तो 'हजर' म्हणून उठला आणि मागून कोणी तरी गब्बरच्या आवाजात म्हणाले, 'तेरा क्या होगा, कालिया?' नक्कल अगदी हुबेहूब होती. सारा वर्ग हसला. आणि मित्रहो, मीही हसलो.

काही दिवसांनी तो शाळेत येईनासा झाला. महिन्याभराने त्याचे वडील दाखला न्यावयास आले. त्यांना मी कारण विचारले. ते भिंतीशी उभे राहिले, खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, 'पोरं काय म्हनत्यात त्याचं काय न्हाई, गुरुजी. पन त्यो म्हनतो, गुरुजी बी हसलं.'

मी त्यांची पुष्कळ समजूत घातली. मुलगा परत आला नाही. पुढे माझ्या नोकरीत मी अनेक मुलांना शिकविले, त्यांतील काही आज मोठ्या पदांवर आहेत. परंतु त्या एका मुलाचे नाव हजेरीपटावरून लाल शाईने कमी केले, तो दिवस मला विसरता आलेला नाही. मुलांचा दोष मी फारसा मानीत नाही. त्या वाक्याला वर्गात मान्यता दिली ती माझ्या हसण्याने. आज बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम १७ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. त्या वेळी असा कायदा नव्हता. पण हसू आवरण्यासाठी कायद्याची गरज नव्हती, हेही मला कळते.

दुसरे उदाहरण मोठ्या माणसांचे. निळू फुले यांच्या नावावर 'बाई, वाड्यावर या' हे वाक्य महाराष्ट्रभर चालते. नकलाकारांनी ते घरोघरी पोहोचविले. निळूभाऊ हे राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेले, अनेक सामाजिक कामांत सहभागी झालेले सज्जन गृहस्थ होते. २००९ साली त्यांचे निधन झाले. पडद्यावर त्यांनी मग्रूर पाटील असा रंगविला की प्रेक्षकांना त्या वृत्तीचा संताप यावा. पण काळाची गंमत अशी की, संताप विरून गेला आणि वाक्य तेवढे विनोद म्हणून उरले.

चार मित्र एकमेकांना हे वाक्य म्हणतात तेव्हा ती निरुपद्रवी नक्कल असते. पण तेच वाक्य ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नव्याने निवडून आलेल्या भगिनीकडे पाहून म्हटले तर? ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३पासून पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्मे केले. ज्या कार्यालयात पूर्वी बाई केवळ दाखल्यासाठी येत असे, तेथे ती आता अध्यक्षस्थानी बसते. अशा वेळी दाराशी उभे राहून कोणी ते वाक्य म्हणतो, तो तिला सांगत असतो की, तू येथे बसली असलीस तरी तुझी खरी जागा आम्ही ठरविणार. आणि तिने आक्षेप घेतला तर उत्तर तयार असते : 'बाई, सिनेमातला डायलॉग आहे, एवढे काय मनाला लावून घेता?' मघाशी मी ज्याला आडोसा म्हटले तो हाच. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामसेविका, शिक्षिका या सर्वांना याचा अनुभव येऊ शकतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३चा कायदा नकोशा लैंगिक शेरेबाजीकडे विनोद म्हणून पाहत नाही. पण कायद्यापर्यंत जाण्याची वेळ येऊच नये. त्या क्षणी शेजारी बसलेल्या पुरुष सदस्याने न हसता 'हे येथे चालणार नाही' एवढे म्हटले, तरी पुरे होते.

म्हणून ओळखण्याची खूण मी अशी ठेवली आहे. वाक्य चांगले की वाईट, हे वाक्यात शोधू नये. ते कोणी, कोणास म्हटले, ते पाहावे. दुबळ्याने बलवानास म्हटले तर ती थट्टा. तिच्यातील तक्रार ऐकावी. बरोबरीच्यांनी एकमेकांस म्हटले तर ती करमणूक. तिच्यात सामील व्हावे. बलवानाने दुबळ्यास म्हटले तर तो घाव. तो तेथेच थांबवावा.

विकासकार्यात उसने घेताना

शेवटी, लोकशिक्षणाच्या कामी या वाक्यांचा उपयोग कसा करावा, याविषयी दोन शब्द. संत गाडगेबाबा अस्सल वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत कीर्तन करीत आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घेत. १९५६ साली ते गेले. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. 'हागणदारी' हा पांढरपेशांना उच्चारण्यास संकोच वाटणारा शब्द शासकीय कागदावर आला आणि 'हागणदारीमुक्त गाव' असे फलक वेशीवेशीवर लागले. 'उघड्यावर शौचास बसण्यास प्रतिबंध' असे लिहिले असते तर ते वाचून कोणी थबकले नसते. लोकांचाच शब्द त्यांच्यासमोर धरला, म्हणून तो लागला.

त्याच मोहिमेत पहाटे गावाबाहेर उभ्या राहणाऱ्या पथकांना 'गुड मॉर्निंग पथक' असे खुसखुशीत नाव पडले. काही ठिकाणी ही मंडळी गुलाबाचे फूल देऊन गांधीगिरी करीत. 'गांधीगिरी' हा शब्दही २००६च्या 'लगे रहो मुन्नाभाई' या हिंदी चित्रपटातून आलेला! घरी जागा व पैसा असूनही शौचालय न बांधणाऱ्या धनिकास असे फूल मिळाले तर ते योग्यच झाले. परंतु ज्या भूमिहीन मजुराच्या झोपडीस चार हात जागा नाही, त्याच्या बायकोसमोर फूल धरून छायाचित्र काढले, तर त्याच वाक्याचा घाव झाला. येथेही खूण तीच : कोणी, कोणास?

मी आपल्याला एक छोटे काम सुचवितो. शाळेत आणि पंचायतीत एक वही ठेवावी. महिन्याभरात गावात कोणते नवे वाक्य आले, ते कोठून आले आणि लोक ते कोणाविषयी वापरतात, हे तीत लिहावे. मुले हे काम आनंदाने करतील. सरपंचांनी ती वही ग्रामसभेआधी एकदा वाचावी. लेखी तक्रारींच्या फायलीत जे सापडत नाही, ते तेथे सापडेल. आणि एखाद्या मुलाच्या नावावर एकच वाक्य पुनःपुन्हा आलेले दिसले, तर वर्गशिक्षकाने त्या मुलाची बाकावरील जागा रिकामी होण्यापूर्वी त्याच्याशी बोलावे.

आपल्या गावावरून दरवर्षी तुकोबांची पालखी यवतहून वरवंडकडे जाते. त्या दिवशी रस्त्यावर प्रत्येक जण प्रत्येकास 'माउली' म्हणतो. बंदोबस्ताचा पोलीस वारकऱ्यास म्हणतो, वारकरी पोलिसास म्हणतो, पाणी वाटणारा मुलगा दोघांसही म्हणतो. तेही एक पालुपदच आहे. ते म्हणताना कोणी वर नसतो आणि कोणी खाली नसतो, म्हणून शतकानुशतके म्हटले जाऊनही ते कोणाला टोचलेले नाही. आपल्या विनोदालाही ही परीक्षा लावावी, एवढीच माझी विनंती आहे.